पहिल्या खाचेवरचं झाकण

आमचे शेजारी वासुदेवराव सकाळची पूजा आटोपली की देवघरातून थेट गाडीकडे जातात. कपाळावरचं गंध अजून ओलं असतं, तोवर बॉनेट उघडून झालेलं असतं. तेल बघायचं, पाणी बघायचं, पट्ट्यावरून एक बोट फिरवायचं, आणि बॉनेट आवाज न करता खाली सोडायचं. मी त्या वेळी कुंपणाशी फुलं काढत असते. प्रमोदिनीताई, म्हणजे त्यांची बायको, म्हणतात, "आधीची पूजा देवाची, ही दुसरी यांच्या लाडकीची. मन कुठे जास्त लागतं ते विचारू नका."

गाडी जुनी आहे. त्यांचा मुलगा निहार कॉलेजात होता तेव्हा घेतलेली. आता निहारचे केस पिकायला लागलेत आणि गाडीचा निळा रंग टपावरून पांढुरका झालाय. पण दारं अजून अशी लागतात की शेजारच्या घरात कळू नये.

वासुदेवराव मूळ मिरजेचे. तरुणपणी बेंगळूरुला आले आणि यंत्रांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात तपासनीस म्हणून लागले. तयार झालेला माल पास करायचा की परत पाठवायचा, हे त्यांच्या हातात. हातातच म्हणायचं, कारण पेच जरा ढिला आहे की जास्त आवळलाय हे त्यांच्या बोटांना आधी कळायचं आणि मोजमापाच्या हत्यारांना नंतर. बरोबरची माणसं हे अजून सांगतात. ते स्वतः काहीच सांगत नाहीत. बोलणं मुळात कमी. माझे यजमान इस्पितळात होते, तेव्हा हे रोज सकाळी फाटकाबाहेर गाडी लावून बसायचे. मी बाहेर आले की दार उघडायचे, मला इस्पितळाशी सोडायचे आणि संध्याकाळी परत न्यायला हजर. एवढ्या दिवसांत त्यांनी माझं एका शब्दाने सांत्वन केलं नाही. फक्त मला उन्हाची बाजू नको म्हणून त्या खिडकीला एक पंचा लावून ठेवला होता. यजमान घरी आले नाहीत. तो पंचा मात्र माझ्याकडेच राहिला, मी तो देवाची भांडी पुसायला वापरते.

गुरुवारी आमचं भजन असतं, ते थेट जे. पी. नगरला. येलहंक्याहून म्हणजे शहराच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला. पुढे वासुदेवराव आणि प्रमोदिनीताई, मागे मी, कस्तुराबाई आणि शिवलीला. कस्तुराबाईंचं घराणं इथे जुनं, दोन पिढ्यांचं. त्यांच्या मराठीत निम्मी कन्नड असते आणि जीभ कधी कोणाला सोडत नाही. शिवलीला आमच्यात सगळ्यात लहान, निपाणीकडची. आम्ही आत जाऊन भजन म्हणायचं आणि वासुदेवरावांनी बाहेर गाडीत बसून ऐकायचं. आत या म्हटलं तर म्हणतात, इथूनही ऐकू येतं.

या उन्हाळ्यात गाडी तापायला लागली.

पहिल्यांदा ते हेब्बाळच्या पुलावर झालं. गाड्या मुंगीच्या चालीने सरकत होत्या. वासुदेवरावांनी समोरच्या काट्याकडे पाहिलं आणि काही न बोलता हीटर लावला. बाहेर एप्रिलचं ऊन आणि आत पायाशी गरम वारा.

कस्तुराबाई म्हणाल्या, "वासुदेवअण्णा, आम्हाला वाफवून देवापुढे ठेवणार काय आज?"

"इंजिनची उष्णता आत ओढून घेतोय. स्वल्प सोसा," एवढंच ते म्हणाले.

आम्ही सोसलं. पूल उतरल्यावर त्यांनी गाडी कडेला घेतली, बॉनेट वर केलं आणि हात मागे बांधून उभे राहिले. तापलेल्या गाडीचं पाण्याचं झाकण उघडायचं नाही, आतलं उकळतं पाणी तोंडावर येतं, हा त्यांचा नियम. तिथे दुसऱ्या कुणाला हातही लावू देत नाहीत. गाडी निवल्यावर त्यांनी झाकण काढलं तर आत पाणी बरंच खाली गेलेलं. भजनासाठी भरून घेतलेलं आमचं पिण्याचं पाणी सगळं त्यात गेलं.

गाडीत साधं पाणी नसतं हे मला तेव्हा कळलं. हिरवं औषधी पाणी असतं, त्याला कूलंट म्हणतात. ते इंजिनातून फिरतं, तिथली उष्णता घेतं, समोरच्या जाळीत, म्हणजे रेडिएटरमध्ये येऊन गार होतं आणि पुन्हा आत जातं. फिरून फिरून तेच पाणी, त्यामुळे ते कमी व्हायचं काही कारणच नाही. कमी होतंय म्हणजे कुठून तरी जातंय. कुठून, हे शोधायला वासुदेवरावांनी सुरुवात केली.

रबरी नळ्यांच्या सांध्यांवर हिरवट-पांढरी खपली धरते का पाहिलं. नव्हती. पायाखालची सतरंजी उचलून ओल पाहिली, सगळं कोरडं. धुराड्यातून पांढरा धूर येतो का, हे बघायला गाडी चालू करून मला मागे उभं केलं. इंजिनचं तेल दुधाच्या चहासारखं झालं असेल तर पाणी आतल्या आत तेलात मिसळतंय असं समजायचं, तर तेल आपलं काळंच. पंखाही वेळेवर फिरत होता. मग थेंब पडतो का हे बघायला त्यांनी गाडीखाली जुन्या कॅलेंडरची पानं पसरायला काढली. प्रमोदिनीताईंनी ती हातातून काढून घेतली. "त्यावर एकादश्या आहेत, गणपती आहे. गाडीखाली काय घालताय?"

"मग काय घालू?"

त्या आत गेल्या आणि रांगोळीचा डबा घेऊन आल्या. चाळणीतून भुरभुरत त्यांनी गाडीखाली पांढरा पातळ थर पसरला. एक थेंब पडला तरी खळगा दिसणार. समोरच्या घरातली माणसं गेटात येऊन बघून गेली, गाडीच्या पोटाखाली रांगोळी कोणता सण म्हणून. सकाळी आम्ही दोघी वाकून बघतो तर थर जसाच्या तसा. एका मांजरीची पावलं तेवढी उमटली होती.

तेव्हा गाडी मल्लाप्पाकडे नेली. मल्लाप्पा चिकोडीकडचा, त्याचं गॅरेज आमच्या स्टेशनच्या रस्त्याला आहे. वासुदेवरावांनी तिथेही बॉनेट स्वतः उघडलं, झाकण स्वतः काढलं आणि हातात धरून बाजूला उभे राहिले. मल्लाप्पाने त्या तोंडावर पंपासारखं एक यंत्र बसवलं आणि आत हवेचा दाब भरला. कुठे गळत असेल तर दाब उतरतो, असं तो म्हणाला. दोघं यंत्राच्या काट्याकडे बघत बसले. काटा हलला नाही. तरी एक नळी जुनी होती म्हणून त्याने बदलली, नवा कूलंट भरला, झाकण लावून दिलं आणि वासुदेवराव गाडी घेऊन शहरात लांब चक्कर मारून आले. काटा मधोमध. घरी आले तेव्हा चेहऱ्यावर हसू नव्हतं, पण प्रमोदिनीताईंना म्हणाले, "आज शिरा कर."

गुरुवारी गाडी पुन्हा उकळली. त्याच पुलावर.

पुन्हा मल्लाप्पा, पुन्हा तेच यंत्र, पुन्हा सगळं ठीक. मल्लाप्पा डोकं खाजवून म्हणाला, "अण्णा, माझ्याकडं असली की बरी असते ही. तुमच्या घरी गेली की ताप चढतोय. माहेरवाशीण आहे काय?" प्रमोदिनीताईंनी हे ऐकलं आणि त्या संध्याकाळी गाडीची दृष्ट काढली. मी मीठ-मिरच्या धरून उभी होते. माझा देवावर विश्वास आहे आणि दृष्टीवरही थोडा आहे, पण मला तेव्हाच वाटलं की हे काही दृष्टीचं काम नव्हे.

निहार होसकोट्याला राहतो, तिथल्याच एका कंपनीत आहे. रविवारी तो आला. मुलगा चांगला आहे, आवाज चढवत नाही. म्हणाला, बाबा, उड्डाणपुलावर बंद पडलेली गाडी आणि आत चार बायका, मला झोप लागत नाही. विकून टाकू. गुरुवारी मी तुम्हाला कॅब बुक करून देत जाईन. वासुदेवरावांनी खिशातली चावी काढून पाहिली. मग म्हणाले, "आता एकदा जरी रस्त्यात उकळली, तर चावी मी स्वतः तुझ्या हातात देईन."

हे त्यांनी आमच्यासमोर सांगितलं आणि ते शब्द फिरवणारे नव्हेत. त्या दिवसापासून आम्ही सगळ्याच धास्तावलो. गाडी गेली तर भजनाला कॅब मिळेल, त्याचं काही नव्हतं. पण दुसरी पूजा संपल्यावर त्या माणसाने करायचं काय? प्रमोदिनीताई मला हळूच म्हणाल्या, "यांना दुसरं काही येत नाही हो. टीव्ही नाही, पत्ते नाहीत, कुणाकडे जाऊन बसणं नाही. कुणाला आणायचं, कुणाला सोडायचं, एवढंच येतं."

बुधवारी दुपारी मी त्यांच्याकडे प्रसादाच्या पोह्यांचं बघायला गेले होते. वासुदेवराव आत पडले होते. मला लिंबाचं लोणचं घालून देते म्हणून प्रमोदिनीताईंनी फळीवरची बरणी झाकणाला धरून उचलली. झाकण हातात आलं आणि बरणी ओट्याला आपटून खाली फुटली.

मी फडकं आणायला वळले. त्या जागच्या हलल्या नाहीत. हातातल्या झाकणाकडे बघत उभ्या होत्या.

"सकाळी यांनी काढलं होतं लोणचं," त्या म्हणाल्या. "दिवाळीपासून असंच चाललंय. मेतकुटाची बरणी, तुपाचा डबा, यांनी लावलं की झाकण नुसतं वर बसलेलं असतं. मी मागून फिरून घट्ट करते. आज राहिलं."

आणि मग लोणचं, काचा सगळं तसंच ठेवून त्या बाहेर गेल्या. मी मागोमाग. बॉनेट त्यांनी कधी उघडलं नव्हतं, खटका सापडायला वेळ लागला. रेडिएटरचं ते झाकण आपल्या तळहाताएवढंही नाही, पितळी रंगाचं. त्यावर त्यांनी तेलकट हात ठेवला, पदराने पुसला, पुन्हा ठेवला, खाली दाबला आणि फिरवला. झाकण आणखी पुढे गेलं आणि खट्‌ करून बसलं.

आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो.

त्या झाकणाला दोन खाचा असतात, हे मल्लाप्पाने नंतर समजावलं. पहिल्या खाचेवर ते अडकतं, पडत नाही, पण दाब धरत नाही. खाली दाबून दुसऱ्या खाचेवर नेलं तरच खरं बंद होतं. आपल्या कुकरसारखं. आत दाब राहिला तर पाणी लवकर उकळत नाही. झाकण पहिल्याच खाचेवर असलं की पुलावर, उन्हात, हळू चालीत ते उकळायचं आणि बाजूच्या नळीतून रस्त्यावर सांडत जायचं. घरी उभ्या गाडीतून थेंब कसा पडेल? आणि मल्लाप्पाचं यंत्र बसायचं ते झाकण काढल्यावरच. तपासून झाल्यावर झाकण तो लावायचा, घट्ट. घरी येऊन दुसऱ्या दिवशी सकाळी वासुदेवराव पाणी बघायला ते, मल्लाप्पाचा हात जड म्हणत, पकड लावून उघडायचे आणि परत लावायचे. बोटांना पहिल्या खाचेचा अडसर लागला की बसलं असं समजायचे. जन्मभर बोटांनी कधी फसवलं नव्हतं, म्हणून वाकून डोळ्यांनी बघायची सवयच नव्हती. ती बोटं आता दाबू शकत नव्हती.

प्रमोदिनीताई मला एवढंच म्हणाल्या, "तुम्ही काही बोलू नका. मी रोज मागून घट्ट करत जाईन. बरण्यांसारखंच."

मी हो म्हटलं. पण घट्ट लावलेलं झाकण सकाळी त्यांना उघडणार कसं, हे आमच्या दोघींच्याही डोक्यात आलं नाही.

सकाळी मी कुंपणाशी होते. वासुदेवराव आले, बॉनेट उघडलं, झाकणावर हात ठेवला. हात तसाच राहिला. मग त्यांनी खिशातला रुमाल काढून त्यावर टाकला आणि पुन्हा धरलं. दोन्ही हातांनी धरलं. खांदे हलले, झाकण हललं नाही. प्रमोदिनीताई पायरीवर येऊन उभ्या राहिल्या. मी तिथून निघून जायला हवं होतं, पण फांदी हातात वाकवून धरली होती, सोडली असती तर आवाज झाला असता.

"हे कोणी लावलं?"

"मी."

"इतकं घट्ट?"

"लागतं तितकंच लावलंय."

ते झाकणाकडे वाकले. पहिल्यांदाच मी त्यांना असं डोळे बारीक करून बघताना पाहिलं. दोन्ही खाचा त्यांनी बोटाने चाचपल्या. मग सरळ उभे राहिले.

"म्हणजे पाणी मीच सांडत होतो."

"तुम्ही कशाला? झाकण ढिलं होतं."

"झाकण मीच लावतो," ते म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "कधीपासून माहीत आहे तुला?"

"झाकणाचं काल दुपारी कळलं. बरण्यांचं दिवाळीपासून."

"आणि बोलली नाहीस."

"तुम्ही तरी कुठे बोललात? शर्टाची बटणं लावायला आरशासमोर उभे राहता ते मला काय दिसत नाही? मी पाठ करून उभी राहते, तुमचं होईपर्यंत."

ते रुमाल घडी करून खिशात ठेवायला गेले, तर घडीही नीट होईना. तेव्हा प्रमोदिनीताई पायऱ्या उतरून आल्या, रुमाल त्यांच्या हातातून घेतला आणि घडी न करताच आपल्या कमरेला खोचला. मग त्यांचे दोन्ही हात उलटे करून तळवे बघत राहिल्या. अंगठ्याखालचा मांसल भाग बसून गेला होता. इतका की मला कुंपणापलीकडून दिसला.

वासुदेवराव म्हणाले, "निहारला फोन लाव."

प्रमोदिनीताईंचा चेहरा उतरला. त्यांना वाटलं, चावीचंच बोलणार. मलाही तेच वाटलं. त्यांनी फोन लावून कानाला धरून दिला.

"निहार," वासुदेवराव म्हणाले, "गाडी बरी आहे. माझे हात दाखवायचे आहेत. येतोस का?"

निहार तासाभरात होसकोट्याहून आला. आल्यावर वडिलांच्या शेजारी येऊन बसला. त्या गुरुवारी भजनाला कोणी गेलं नाही. मी घरी देवापुढे दिवा लावला आणि जपाला बसले, पण माळेत मन नव्हतं. ते तळवेच दिसत होते.

डॉक्टरांनी सांगितलं, मनगटातली शीर दबली आहे, दोन्ही हातांची. फार दिवस अंगावर काढलंत. उजव्या हाताची शस्त्रक्रिया करू, मग डाव्याची. जोर किती परत येईल हे आज सांगता येणार नाही. तोवर गाडी चालवायची नाही. निहारला वाटलं होतं की बाबा वाद घालतील. त्यांनी फक्त विचारलं की शेजारी बसलं तर चालेल ना. डॉक्टर हसून हो म्हणाले.

चावी त्यांनी शिवलीलाला दिली. ती नवऱ्याची नवी गाडी चालवते, पण हिचं स्टिअरिंग जड, गिअर अडेलतट्टू. ती आधी नकोच म्हणाली. मग रोज संध्याकाळी वासुदेवराव तिला आमच्या मागच्या रिकाम्या रस्त्यावर शिकवायला लागले. शिकवणं म्हणजे काय, तपासणी. क्लच कसा सोडला, आरसा कधी पाहिला, सगळ्यावर शेरा. शिवलीला घामाघूम होऊन म्हणायची, "अण्णा, भजनाला न्यायलाय की मिलिटरीत घालायलाय मला?"

सकाळची दुसरी पूजा आता दोघांची असते. बॉनेट निहारने सैल करून दिलंय. वासुदेवराव पाणी बघतात, प्रमोदिनीताई झाकण लावतात. ते वाकून दुसरी खाच डोळ्यांनी बघतात आणि मगच मान हलवतात. पहिल्या दिवशी त्यांनी प्रमोदिनीताईंना नापास केलं होतं, झाकण पुसून लावलं नाही म्हणून.

मधला एक गुरुवार शिकण्यात गेला. त्याच्या पुढच्या गुरुवारी आम्ही निघालो. कस्तुराबाई बसता बसता म्हणाल्या, "आज हीटर लावणार असलात तर आत्ताच सांगा, मी साधी साडी नेसून येते."

"नाही लागणार," वासुदेवराव म्हणाले.

ते पुढे डाव्या बाजूला बसले. प्रमोदिनीताई आज पहिल्यांदाच मागे, आमच्यात. वासुदेवरावांच्या उजव्या हाताला अजून शस्त्रक्रियेची पट्टी होती. डाव्या हाताने त्यांनी सीटचा पट्टा ओढून घेतला, कडी खोबणीत घातली, दाबली. ती बसेना. पुन्हा दाबली. शिवलीलाने मदतीला हात पुढे केला, तेवढ्यात प्रमोदिनीताईंनी मागून दोन सीटांमधून वाकून त्यांच्या बोटांवर आपली बोटं ठेवली आणि दाबलं.

खट्‌ आवाज झाला. या माणसाने कधी दुसऱ्याने लावलेलं काही स्वतः तपासल्याशिवाय पास केलं नव्हतं. मी बघत होते, आता हा ओढून बघेल.

त्यांनी पट्ट्याला हात लावला नाही. समोर रस्त्याकडे बघत विचारलं, "बसला?"

"बसला," प्रमोदिनीताई म्हणाल्या.

"सरी, ठीक," वासुदेवराव म्हणाले. "शिवलीला, आरसा बघ आणि चल."